छपरावरचं खारं पाणी

म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागायला हरकत नाही, पण ते घरात मावेल एवढं असावं. आमच्या मिस्त्रींचं खूळ गल्लीतही मावत नव्हतं. शाळेने भंगारात काढलेली मिनी बस त्यांनी आणली आणि दोन वर्षं तिच्या मागे लागून तिचं घर केलं. आत दोन पलंग, एक ओटा, लहानसा फ्रिज, खिडक्यांना पडदे (पडदे मी शिवले, नाहीतर मी आत पाऊल टाकणार नव्हते) आणि छपरावर सोलरची चार मोठी पॅनलं. बस दारात उभी राहिली की दूधवाल्याला सायकल हातात धरून भिंतीला घासत जावं लागे. तरी त्याने कधी कुरकुर केली नाही. मिस्त्रींनी त्याला शिडीवरून वर नेऊन पॅनलं दाखवली होती, तेव्हापासून तो स्वतःला त्या बसचा भागीदार समजत होता.

मिस्त्री म्हणजे माझे शौहर, जैनुद्दीन. जन्मभर ट्रकच्या बॉड्या बांधल्या, आधी अकोल्याला दुसऱ्याच्या कारखान्यात, मग परतवाड्यात स्वतःच्या शेडमध्ये. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मी जहाँआरा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले. उर्दू बोलणाऱ्या घरातली बाई मराठी शिकवते याचं सुरुवातीला लोकांना नवल वाटे. पुढे माझ्या शुद्धलेखनाच्या तासाची धास्ती वाटायला लागली आणि नवल मागे पडलं.

मिस्त्रींनी बांधलेले ट्रक पार कोचीनपर्यंत जाऊन यायचे. ते स्वतः मात्र भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. आता ही बस घेऊन आधी गोदावरी, मग कृष्णा, मग खाली कन्याकुमारीपर्यंत जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बस तयार झाली आणि त्याच वर्षी त्यांची फुप्फुसं खराब झाली. वेल्डिंगचा धूर आणि रंगाचा फवारा इतकी वर्षं नाकातून आत गेलेला, तो कधीतरी बोलणारच होता. डॉक्टर म्हणाले, दिवसा हिंडा-फिरा, पण झोपताना ऑक्सिजनचं मशीन लावायचं आणि ते रात्रभर बंद पडता कामा नये. मशीन विजेवर चालतं. आपल्याकडची वीज कशावर चालते हे कोणालाच माहीत नाही.

आमची लुबना अकोल्याला दातांची डॉक्टर आहे. दातांचीच, पण बापाची गोष्ट निघाली की ती सगळ्या अवयवांची डॉक्टर होते. तिने बससाठी गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. अमरावतीचा नईम, लग्नांचे फोटो काढणारा. नवऱ्या मुलींना तयार करायला त्याला फिरती खोली हवी होती. मिस्त्रींनी दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे आणि पुन्हा ओट्यावर बससमोर जाऊन बसायचे. शेवटी लुबनाच नरमली आणि तिने अट घातली.

"आठ दिवस," ती म्हणाली. "कोणाच्याच घरच्या बोर्डात पिन लावायची नाही. छपरावरच्या उन्हावर अब्बूंचं मशीन आठ दिवस नीट चाललं, तर जा कुठे जायचं तिथे. नाही चाललं, तर किल्ली नईमला."

आठ दिवस जायचं कुठे, याला मिस्त्रींनी वेळ लावला नाही. "रुबीनाकडे," ते म्हणाले.

रुबीना ही त्यांची धाकटी बहीण. दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या अंगाला तिचं गाव. तिथून अकोला जवळ, म्हणजे काही झालं तर लुबना तासा-दीड तासात येऊ शकली असती. फेब्रुवारी चालू होता, रमजान अजून लांब होता, रुबीनाच्या शेतात हरभरा काढणीला आला होता. तिचा मालक जाऊन पाच-सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला. शेत ती एकटीच पाहते, आणि ज्या आवाजात पाहते तो आवाज दर्यापूरला ऐकू येत असावा. घरात आम्ही सगळे उर्दू बोलतो, पण रुबीनाला गावची वऱ्हाडीच जास्त चढली आहे आणि तिच्या अंगणात गेलं की आम्हीही तिच्याच बोलीत उतरतो.

त्या भागाला खारपाण पट्टा म्हणतात. जमिनीखालचं पाणी खारट. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. पिण्याचं गोडं पाणी लांबून पाइपाने येतं, तेही त्याच्या मर्जीने, म्हणून बाया ते ड्रमात भरून, वर फडकं बांधून ठेवतात. बोअरचं पाणी अंगणाला, ढोरांना, धुण्याभांड्याला. गोडं पाणी फक्त तोंडाला. पाहुणा आला की आधी गोड्या पाण्याचा गिलास समोर येतो, आणि पाहुण्यानेही तो गिलास अर्धा टाकायचा नसतो. आमच्याकडे परतवाड्याच्या बाजूला एक म्हण आहे की पोरगी विहिरीत द्यावी पण खारपाणात देऊ नये. रुबीनाचं लग्न ठरलं तेव्हा माझी सासू हेच म्हणत रडली होती. वडील नव्हते. मोठा भाऊ म्हणून मिस्त्रींनी ठरवलं, मुलगा चांगला आहे, पाण्याचं काय घेऊन बसलात. मुलगा खरोखरच चांगला निघाला, पण पाण्याचं मिस्त्रींच्या मनातून काही गेलं नाही. पहिली काही वर्षं तर ते बहिणीकडे जाताना डब्यांत भरून गोडं पाणी न्यायचे.

गाडी चालवायला फुप्फुसं लागत नाहीत असं त्यांचं मत आहे. त्यांनीच बस चालवली. रुबीनाने अंगणातला गोठ्याचा कोपरा आमच्यासाठी मोकळा करून ठेवला होता. बसला तिने बाहेरून एक चक्कर मारली, आत जाऊन पलंग दाबून पाहिला, ओट्यावरची टाइल घासून पाहिली.

"घर त माह्यापेक्षा बरं हाये," ती म्हणाली. "छप्पर कोन साफ करते?"

हाच तर प्रश्न होता. सोलरच्या काचेवर धूळ बसली की वीज कमी होते. परतवाड्यात मिस्त्री वर्कशॉपच्या माणसाकडून छप्पर पुसून घ्यायचे. आता शिडीच्या चौथ्या पायरीवरच त्यांना धाप लागायची. आणि मी शाळेत स्टुलावर चढून फळा पुसलेली बाई, तेवढीच माझी उंची. हरभऱ्याच्या काढणीत अख्ख्या गावात भुसा उडत होता. मी काही बोलायच्या आत रुबीनाने ओढणी कमरेला खोचली.

मिस्त्री खाली खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी बहिणीचा क्लास घेतला. "पॅनलवर पाय नाही ठेवाचा. कडेच्या पट्टीवरून चाल. बोल्टाच्या बुडाशी पांढरा मसाला लावला हाये, त्याले नख लावू नको, तिथूनच पावसाचं पानी आत येते. वायर ओढू नको. आन् काच तापली का पानी नाही टाकाचं, तडकते. सकाळी धू, थंडी असताना."

"आजून काही?" रुबीनाने वरून विचारलं.

"हळू उतर."

पाणी कोणतं घ्यायचं हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या ध्यानातच आलं नाही. रुबीनाच्या तर ते ध्यानात येण्यासारखंच नव्हतं. ज्या गावात पाहुण्यालाही गिलासात गोडं पाणी उरवता येत नाही, तिथे ते छपरावर कोण ओतणार? तिने बोअरचा पाइप वर ओढला आणि चारही पॅनलं न्हाऊ घातली. पुसायचं काय, असं मी खालून विचारलं, तर म्हणाली, "पुसाले ऊन हाये ना, भाभी."

पहिले दोन दिवस मजेत गेले. बसमध्ये बॅटरी किती भरली हे दाखवणारं मीटर आहे. जेवणाच्या सुमाराला ते पूर्ण भरलेलं दाखवायचं आणि मिस्त्री ते मला दाखवायचे, जणू तो आकडा त्यांनी घरी बसून तयार केला होता. रात्री मशीन घुरघुरत चालायचं. सकाळी त्यांचा चेहरा ताजा असायचा. रुबीनाच्या शेजारणी येऊन बस पाहून गेल्या. एकीने विचारलं, "ह्याच्यात सून राहीन का हो?" मी म्हटलं, सासू नसेल तर राहील.

तिसऱ्या दिवशी बॅटरी भरायला दुपार टळली. चौथ्या दिवशी भरलीच नाही. आता घोडं पेंड कुठे खातं ते कळेना. मिस्त्रींनी वायरीच्या पेट्या उघडल्या, बंद केल्या, पुन्हा उघडल्या. मी बॅटरी विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. फ्रिज बंद करून दूध रुबीनाच्या घरात नेलं. रुबीनाला मात्र कारण पक्कं ठाऊक होतं. धूळ. तिने दिवसातून दोनदा धुवायला सुरुवात केली, सकाळी एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा. बॅटरी जितकी कमी भरायची तितकं रुबीनाचं धुणं वाढायचं. शेतावरून थकून आलेली बाई, हातातला विळा खाली ठेवायची आणि सरळ शिडीला लागायची. "भाईचं मशीन नाही थांबलं पाह्यजे," म्हणायची.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट पाहून मला जरा विचित्र वाटलं. मिस्त्री बसच्या मागच्या अंगाला उभे होते. छपरावरून ओघळलेल्या पाण्याचे पट्टे पत्र्यावर वाळले होते. त्यातल्या एकावर त्यांनी बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. मला पाहून हात खिशात घातला. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, म्हणून मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी पहाटे, फजरच्या अजानच्या थोडं आधी मशीनने शिट्टी मारली. बॅटरी तळाला गेली होती. मी उठून त्यांना लहान सिलिंडरची नळी लावली. तो आम्ही अडीअडचणीसाठी आणला होता. त्यांना काही झालं नाही. पण नळी लावताना ती माझ्याकडून दोनदा उलटी लागली आणि ते त्यांनी पाहिलं, त्याचंच त्यांना जास्त लागलं. उजाडल्यावर म्हणाले, "लुबनाले सांगू नको."

मी सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून नव्हे. असल्या गोष्टी लपवल्या की माणूस जातो, म्हणून.

फोनवर लुबनाने आधी सिलिंडरमध्ये किती उरलं आहे ते विचारलं. मग म्हणाली, "सिलिंडर होता म्हणून मी आज येत नाही, अम्मी. शनिवारी संध्याकाळी येते आणि रात्री मी स्वतः बसमध्ये झोपते. तोवर परत शिट्टी वाजली, किंवा माझ्यासमोर वाजली, तर रविवारी सकाळी नईम किल्ली घेऊन जाईल. मला भांडायचं नाही. मला अब्बू हवेत."

ती चुकीचं काहीच म्हणत नव्हती. मिस्त्रींनी ऐकलं आणि मान हलवली. "देऊन टाकू नईमले," ते म्हणाले. "चांगलं पोरगं हाये."

दोन वर्षं रात्रंदिवस खपलेला माणूस इतक्या सहज देऊन टाकू म्हणतो, हे मला पटेना. रागही आला. वायरी पाहून झाल्या, बॅटरीही पाहून झाली, आता राहिलं काय? छप्पर. ते रुबीनाशिवाय कोणीच पाहिलं नव्हतं. दुपार उतरली, काच निवाली असेल असं पाहून मी सपाता काढल्या, बिस्मिल्ला म्हटलं आणि शिडीला लागले.

"अगं, पडशीन," मिस्त्री खुर्चीतून उठले. "खाली ये, जहाँआरा."

"तुमी बसा. धाप लागंन."

वर पोचले. कडेची पट्टी धरून बसले आणि मग पॅनलांकडे पाहिलं. परतवाड्यात ती काळीभोर होती, त्यात आभाळ दिसायचं. आता त्यांच्यावर पांढरा थर होता, चुन्याचा हात फिरवल्यासारखा, आणि त्यात पाणी वाळल्याच्या कडा. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

खालून मिस्त्री वर पाहत होते. मला कालची संध्याकाळ आठवली.

"हे मीठ हाये," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा हात खिशात घातला.

"तुमाले माईत होतं."

"काल समजलं."

"मंग बोल्ले काहून नाही? पहाटे शिट्टी वाजली, माहा जीव गेला असता, तरी मूग गिळून बसले?"

"हळू बोल," ते म्हणाले. "रुबीना ऐकंन." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली नेला. "शेतातून येते आन् वर चढते ती. माह्यासाठी. तिले काय सांगू? तुह्या गावच्या पान्यानं माहं मशीन बंद पडलं? तिले ह्या पान्यात कोनं आनून टाकलं? मीच ना? तीस वर्सं त्या पान्यात ती संसार करून राहिली, तिनं एक दिवस तोंडातून शब्द नाही काढला. आन् मी चार दिवसात तक्रार करू? त्यापेक्षा बस गेली त गेली."

म्हणजे हे होतं. कन्याकुमारी गेली, गोदावरी गेली, रात्रीचा श्वासही गेला तरी चालेल, पण बहिणीच्या पाण्याला नाव ठेवायचं नाही. मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकी माया आली, की दोन्ही मिळून डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमकी तेव्हाच रुबीना पाइप ओढत कोपऱ्यावरून आली.

"काय झालं व भाभी? तुमी वर कायले चढल्या?"

मिस्त्री माझ्याकडे पाहत होते. नको, असं त्यांचं तोंड म्हणत होतं. पण छपरावर चढलेल्या बाईला कोण गप्प करणार? "रुबीना," मी म्हटलं, "पाइप ठेव आन् वर ये. बोअरच्या पान्यानं काचेवर मीठ बसलं. त्याच्यानंच बॅटरी भरत नाही."

रुबीना चढून आली. तिनेही बोट फिरवलं. मग नखाने थोडा थर खरवडला.

"हे त माह्या नळाले हाये," ती म्हणाली. "बादलीले हाये, मोरीले हाये. मले वाटलं, हे असंच असते. मले हे दिसलंच नाही, भाभी." मग ती कडेला आली आणि खाली वाकून पाहिलं. "भाई, तुमाले माईत होतं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"काहून नाही बोल्ले?"

"तुले बरं नसतं वाटलं."

"मले?" रुबीनाचा आवाज चढला. शेजारच्या घरातली फोडणी थांबली असेल. "रातभर दम कोंडून घेसान, पन बहिनीले एक शब्द नाही बोलनार? तुमाले काही झालं असतं त मी कोनाले तोंड दाखवलं असतं? आन् तुमाले कोनं सांगतलं, का मी इथं दुःखात हाये? तीस वर्सं पाहून राहिली मी. घरी येता, पंखा आनता, कपडे आनता, पह्यले त पान्याचे डबेही आनले, पन पोटभर जेवत नाही. दोन घास खाल्ले का उठले. जसं काही इथं बसाचा तुमाले हक्कच नाही. मी माह्या मालकाच्या घरी राज्य केलं, भाई. पानी खारं हाये त हाये. ह्याच मातीतला हरभरा हाये माहा, तुमच्या गोड्या पान्यात असा दाना भरते का, सांगा. तुमी माह्यावर दया करत राहिले आन् मले वाटे, भाईले माहं घर आवडत नाही."

मी छपरावर, ती छपरावर, ते खाली. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. तो साफच होता.

"मले तुहं घर आवडते," ते अखेर म्हणाले. एवढंच, पण मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. एवढं बोलायला त्यांना बॉडी बांधण्यापेक्षा जास्त मेहनत पडली होती.

"मंग मांगा," रुबीना म्हणाली.

"काय मांगू?"

"हे मीठ निंबानं निघते. किटलीचं मी तसंच काढून राहिली. पन मंग धुवाले गोडं पानी लागते. माह्याजवळ दीड ड्रम हाये आन् नळ कवा येईन काही सांगता येत नाही. तुमाले पाह्यजे असंन त तोंडानं मांगा. आज मी आपल्या मनानं नाही देत."

नणंदेचा हा हट्ट मला आधी कळला नाही. मग कळला. पाहुण्याला पाणी न मागता मिळतं. मागतं ते घरचं माणूस.

मिस्त्री खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून उभे राहिले. ज्या बहिणीला त्यांनी जन्मभर फक्त दिलं, तिच्याकडे हात पसरायचा म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "रुबीना," ते म्हणाले, "एक बालटी गोडं पानी दे. छपराले."

"दोन घ्या," ती म्हणाली आणि शिडी उतरली.

लिंबं घरात होती, नव्हती ती शेजारणीकडून आली. रस पाण्यात घालून आम्ही दोघींनी मऊ जुन्या ओढण्या त्यात भिजवल्या आणि कामाला लागलो. ओतायचं नाही, फक्त पुसायचं. एका हाताने पट्टी धरायची, दुसऱ्याने हळूहळू काच. खाली मिस्त्रींच्या सूचना चालू होत्या. "जोर नको लावू, चरे पडतीन. कोपऱ्यात घे. बोल्टाजवळ ओलं ठेवू नको." दहाव्या सूचनेला मी सांगितलं, आता एक शब्द बोललात तर शिडी काढून घेईन. रुबीना म्हणाली, भाभी, शिडी काढली त आपन कशा उतरू? आणि आम्ही दोघी त्या छपरावर बसून खूप हसलो. इतक्या वर्षांत नणंद-भावजय म्हणून आम्ही एकमेकींना पुरेसे टोमणे मारले होते, पण अशा खांद्याला खांदा लावून बसलो नव्हतो.

पहिल्या पॅनलचा थर सुटला आणि खालून काळी काच वर आली. मग दुसऱ्या बालटीच्या पाण्याने, नुसत्या पिळलेल्या फडक्याने, शेवटचा हात. सूर्य बुडायच्या आत चारही पॅनलं धुऊन निघाली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. या वयात छपरावर चढले, हे मी पुढे सगळ्यांना सांगणार होते आणि सांगितलंही.

त्या रात्री मशीन काटकसरीने चालवलं, पहाटे सिलिंडर आधीच लावून ठेवला, शिट्टी वाजू दिली नाही. जेवायला रुबीनाने ज्वारीची भाकर आणि ताज्या हरभऱ्याची भाजी केली होती. मिस्त्रींनी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. ताट उचलताना रुबीनाने ते जरा जपून उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजपर्यंत बॅटरी पूर्ण भरली. मिस्त्रींनी मीटर मला दाखवलं, मग रुबीनाला, मग हरभरा काढायला आलेल्या बायांना. आता छपराला पाइप लागत नव्हता. सकाळी दव असताना रुबीना मऊ फडक्याने धूळ टिपून घ्यायची, तेवढंच.

शनिवारी लुबना आली. रुबीना फुफीने केलेलं खाल्लं, हसली, बोलली, पण तिचं लक्ष मीटरवर होतं. रात्री ती बसमध्ये दुसऱ्या पलंगावर झोपली आणि मला रुबीनाच्या घरात पाठवलं. मी पडून राहिले. झोप काही लागली नाही. शेजारच्या खाटेवर रुबीनालाही लागली नव्हती, कारण तिचं घोरणं मला ठाऊक आहे. दोघींचे कान अंगणाकडे होते. शिट्टी ऐकू आली नाही. पण ऐकू आली नाही म्हणजे वाजलीच नाही, असं थोडंच असतं?

उजाडल्यावर आम्ही दोघी अंगणात आलो. मिस्त्री बसच्या पायरीवर बसले होते आणि आमच्याकडे पाहून त्यांनी खांदे उडवले. त्यांना झोप लागली होती, काही माहीत नव्हतं. लुबना त्यांच्या मागून बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. ती रात्रभर जागी होती हे कोणीही सांगितलं असतं.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने दोरीवरचं फडकं ओढलं, शिडीला हात घातला आणि वर चढून गेली. दातांच्या डॉक्टरने दात तपासावेत तशी ती एकेक पॅनल वाकून पाहत होती. मग तिने धूळ पुसायला सुरुवात केली. चारही पुसून झाल्यावर खिशातून फोन काढला आणि वरूनच बोलली.

"नईमभाई? निघाला नाहीत ना अजून? बरं झालं. येऊ नका. नाही, किमतीचं नाही. गाडी द्यायची नाही."

मिस्त्री पायरीवरून उठले. रुबीनाने त्यांचा दंड धरला. लुबना उतरली, फडकं झटकलं आणि बापासमोर उभी राहिली.

"रात्रभर चाललं," ती म्हणाली. "सकाळी बॅटरी अर्ध्याच्या वर होती." तिने नाक ओढलं आणि आवाज पुन्हा डॉक्टरचा केला. "आता नीट ऐका, अब्बू. पुढे जिथे मुक्काम कराल, तिथे पोचल्याबरोबर पहिलं काम. तिथलं पाणी गोडं आहे का खारं, ते तोंड उघडून विचारायचं."

"विचारतो," मिस्त्री म्हणाले. मग ते बहिणीकडे वळले. "आन् तू? तू येतं का आमच्यासंग?"

"हरभरा घरी येऊ द्या," रुबीना म्हणाली. "मंग मले नांदेडले गोदावरी दाखवा."